चाळिशीनंतरची पेटी

वार्षिकांकासाठी माझ्याकडून दरवर्षी इतिहासावरचा एखादा लेख मागितला जातो आणि दरवर्षी मी तो निमूटपणे देतो. यंदा संपादक मंडळातील विद्यार्थ्यांनी निराळीच मागणी केली. "सर, तुम्ही या वयात पेटी शिकलात म्हणे; त्यावरच लिहा." त्यातले 'या वयात' हे शब्द मला किंचित बोचले, हे कबूल करतो. पण विचार केला तेव्हा लक्षात आले की, लिहिण्यासारखे जे काही आहे ते या दोन शब्दांतच आहे. दहाव्या वर्षी पेटी शिकलेल्या माणसाला आपण ती कशी शिकलो हे सांगता येत नाही. कारण तेव्हा तो शिकतो आहे हेच त्याला ठाऊक नसते. सेहेचाळिसाव्या वर्षी शिकणाऱ्याला मात्र प्रत्येक पायरी मोजावी लागते, आणि मोजलेली गोष्ट सांगता येते.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. माझे गाव कुरुंदा. वसमत तालुक्यातले, पूर्वी परभणी जिल्ह्यात असलेले आणि १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यात आलेले. हळद, ऊस आणि केळी ही आमची पिके. टोकाई हे आमचे दैवत. आमच्या आळीच्या भजनी मंडळात माझे वडील पेटी वाजवीत. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. दादांनी मला लहानपणी दोनतीनदा पेटीसमोर बसवले होते. मी प्रत्येक वेळी काही ना काही निमित्त काढून उठलो. शाळा, मग नांदेडचे कॉलेज, मग नोकरी; निमित्तांना काय तोटा? २०२१ मध्ये दादा गेले. पेटी कापडात गुंडाळून माजघराच्या कोपऱ्यात ठेवली गेली. मंडळ टाळ-मृदंगावर भजन करू लागले. कोणी काही बोलले नाही, पण दर एकादशीला पेटीची जागा मोकळी सोडून मंडळी बसत. ती मोकळी जागा मला दिसे.

जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टी झाली आणि कुरुंद्यात घराघरांत पाणी शिरले. धान्य भिजले, वह्यापुस्तके भिजली, आणि कोपऱ्यातली पेटीही भिजली. पाणी ओसरल्यावर मी तिचे कापड सोडले तेव्हा भात्याच्या घड्या सुटल्या होत्या, पट्ट्या फुगून एकमेकींत अडकल्या होत्या आणि आतून चिखलाचा वास येत होता. मंडळातल्या एकाने सुचवले, "सर, आता एक इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेऊन टाकू. भाता नको, दुरुस्ती नको." सूचना व्यवहाराची होती. पण वाजवणार कोण, हा प्रश्न कीबोर्ड घेऊनही शिल्लकच राहणार होता. मी एकदम बोलून गेलो, "पेटी मी दुरुस्त करून आणतो, आणि वाजवतोही मीच." बोललो खरे, त्यानंतर रात्रभर झोप आली नाही.

नांदेडच्या एका कारागिराकडे पेटी नेली. त्याने ती माझ्यासमोरच उघडली, आणि तोच माझा पहिला धडा ठरला. बाहेरून गूढ वाटणारी ही वस्तू आतून अगदी साधी असते. डाव्या हाताने आपण हलवतो तो बाहेरचा भाता. तो हवा पुढच्या पेटाऱ्यात ढकलतो, तेथे तळाशी दुसरा भाता असतो आणि त्याच्यावर स्प्रिंगचा दाब असतो. आपला हात थांबला तरी हा आतला भाता थोडा वेळ हवा पुरवीत राहतो; त्यामुळे सूर तुटत नाही. प्रत्येक पट्टीखाली एक झडप असते. पट्टी दाबली की मागची झडप उचलते आणि हवेला एका पितळी जिभेजवळून वाट मिळते. ही जीभ एका चौकटीच्या खाचेत मोकळी हलते, आणि तिच्या हलण्याने स्वर उत्पन्न होतो. तिलाच आपण 'सूर' म्हणतो. जीभ लांब असेल तर स्वर खालचा, आखूड असेल तर वरचा. कारागीर एकेक सूर काढून पुसत होता, आणि बेसूर झालेला सूर बारीक हत्याराने खरवडीत होता. टोकाकडे खरवडले की जीभ हलकी होते आणि स्वर चढतो. मुळाकडे खरवडले की ती लवचीक होते आणि स्वर उतरतो. इतक्या नाजूक कामासाठी त्याने कानाखेरीज दुसरे कोणतेही यंत्र वापरले नाही. गुजरातमधील पालिताण्याचे सूर प्रसिद्ध आहेत. आमच्या पेटीतले सूर तेथलेच असावेत, असे तो म्हणाला. "पट्ट्यांवरचा पांढरा पत्रा झिजलाय, नवा बसवू का?" असेही त्याने विचारले. का कोण जाणे, मी नको म्हणालो. त्या झिजलेल्या पत्र्याविषयी पुढे सांगावयाचे आहे.

येथे इतिहासाचा प्राध्यापक म्हणून चार ओळी लिहिण्याचा मोह आवरत नाही. ज्या वाद्याला आपण भजनाचे, कीर्तनाचे, अगदी आपल्या मातीतले वाद्य समजतो, ते मुळात परदेशी आहे. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ या कारागिराने 'हार्मोनियम' या नावाने त्याचे पेटंट घेतले. ते वाद्य टेबलाएवढे असे, खुर्चीवर बसून पायाने भाता मारावा लागे आणि दोन्ही हातांनी वाजवावे लागे. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांबरोबर ते हिंदुस्थानात आले. १८७५ मध्ये कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याचे रूप पालटले. पाय गेले, भाता मागे आला, आणि मांडी घालून बसलेल्या माणसासमोर मावेल एवढी पेटी तयार झाली. हा बदल केवळ आकाराचा नव्हता. पाश्चात्त्य वादकाला दोन हात लागतात, कारण त्याच्या संगीतात एकाच वेळी अनेक स्वर मिळून चालतात. आपले संगीत एका वेळी एका स्वरावर उभे असते. म्हणून एक हात मोकळा करून तो भात्याला देता आला. पियानो आणि पेटी या दोघींच्या पट्ट्यांची मांडणी एकच, पण स्वभाव निराळा. पियानोत तारेवर हातोडी आपटते आणि स्वर उमटताक्षणीच विरू लागतो; पेटीत बोट उचलेपर्यंत स्वर टिकून राहतो. पियानोत जोर बोटात असतो, पेटीत जोर भात्यात. पियानोला ८८ पट्ट्या असतात, आपल्या पेटीला साधारण ३७ ते ४२. मी पियानो आयुष्यात एकदाच, तोही दुरूनच पाहिला आहे. पण प्रौढपणी पियानो शिकणाऱ्याची आणि माझी बोटांची दुखणी एकाच जातीची असणार, याविषयी मला शंका नाही.

आता गुरू. आमच्या शेजारच्या गावी चोविसेक वर्षांचा एक तरुण आहे. आळंदीला राहून शिकून आलेला, कीर्तनात साथ करतो. अडचण एकच होती. हा मुलगा बारावीनंतर वर्षभर माझ्या वर्गात होता, आणि इतिहासात नापास झाला होता. पेपर मीच तपासला होता. मी त्याच्या दारात उभा राहिलो तेव्हा तो लगबगीने उठून म्हणाला, "या सर, काही काम काढलं का?" मी काम सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग हसून म्हणाला, "सर, एक अट आहे. इथं शिकेपर्यंत मागचं-पुढचं विसरायचं." ती अट त्याने कोणाच्या भल्यासाठी घातली होती, हे मला नंतर कळले. त्या दिवसापासून पेटीसमोर बसलो की मी त्याला महाराज म्हणू लागलो, आणि घोंगडीवरून उठलो की तो मला सर.

पहिले पंधरा दिवस त्याने मला फक्त एक पट्टी दाबायला लावली. पांढरी एक दाबायची आणि भाता असा चालवायचा की सूर कमी-जास्त होता कामा नये. मी भाता धान्य पाखडल्यासारखा हलवीत होतो. बाहेर ओट्यावर बसलेली त्याची आजी म्हणाली, "सर, पेटी वाजवायलाव का तिच्याशी भांडायलाव?" तिचे बरोबर होते. भाता तालावर मारायचा नसतो. तो थोडाच उघडायचा आणि सावकाश मिटत न्यायचा. कारण आतल्या भात्यात हवा साठलेली असते, तिच्यावर विश्वास ठेवायचा. गाणारा ओळ संपवून श्वास घेतो तेथेच आपणही भात्याचा श्वास घ्यायचा. हे डाव्या हाताला उमगले की निम्मे काम होते.

मग पट्ट्यांची ओळख. नवख्याला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची रांग पाहून घाबरल्यासारखे होते. पण एका सप्तकात पट्ट्या बाराच. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांत असतात. दोनच्या गटातील पहिली ती काळी एक, तिच्या डावीकडची ती पांढरी एक. येथून मोजले की पांढऱ्या सात आणि काळ्या पाच. पांढरी एक हा षड्ज धरला तर सातही पांढऱ्या पट्ट्या म्हणजे सात शुद्ध स्वर; आणि पाच काळ्या म्हणजे ओळीने कोमल ऋषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत व कोमल निषाद. इतके सोपे. पण आपल्याकडे षड्ज खिळ्याने ठोकलेला नसतो. ज्याचा त्याचा गळा, त्याचा त्याचा षड्ज. म्हणूनच 'पट्टी' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो: बोटाखालची पट्टी आणि गळ्याची पट्टी. पुरुष पुष्कळदा काळी एकच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचच्या. षड्ज बदलला की बोटांची सगळी वाट बदलते. काळी एकपासून शुद्ध सप्तक वाजवून पाहा: काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी तीन, काळी चार, काळी पाच, पुढची पांढरी एक, आणि पुन्हा काळी एक. पाचही काळ्या आणि फक्त दोन पांढऱ्या.

हे सप्तक प्रथम शिकलो त्या रात्री घरी येऊन मी दादांची पेटी काढली आणि झिजलेला पत्रा दिव्याखाली पाहिला. इतिहासाच्या माणसाला पुरावा वाचण्याची सवय असते. पण हा पुरावा दहा वर्षे माझ्या घरात असून मला वाचता आला नव्हता. मधल्या सप्तकात पांढऱ्यांपैकी चौथी आणि पहिली या दोनच पट्ट्या खोलगट झाल्या होत्या. तिसरी व सातवी त्याहून थोड्या कमी. बाकीच्या जवळजवळ कोऱ्या. याचा अर्थ स्वच्छ होता. दादा जन्मभर काळी एकमध्ये वाजवीत आले होते. चौथी म्हणजे त्यांचा शुद्ध गंधार, पहिली म्हणजे शुद्ध निषाद. तिसरी आणि सातवी म्हणजे कोमल गंधार आणि कोमल निषाद. मंडळातली कोणती भजने जास्त होत आणि कोणती कमी, हेही त्या पत्र्यावर लिहिलेले होते. कारागिराला 'नको' म्हणालो ते किती बरे झाले, असे त्या रात्री वाटले.

बोटांविषयी थोडे. मोठ्या माणसाची मुख्य अडचण अशी की डोक्याला लवकर समजते आणि हाताला उशिरा. लहान मुलाचे उलटे असते. मला अलंकाराचा हिशेब पहिल्या मिनिटात कळे: सा रे ग, रे ग म, ग म प. पण तो बोटांतून यायला महिना लागला. अनामिका तर उचलेच ना. हा आळस नव्हे. मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे मागचे स्नायुबंध एकमेकांना जोडलेले असल्यामुळे ती एकटी उचलणे सर्वांनाच कठीण जाते. पांढरी एकच्या सप्तकात अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांनी सा, रे, ग वाजवायचे. मग अंगठा मधल्या बोटाखालून सरकवून मध्यमावर न्यायचा, आणि पुढे प, ध, नी, सा. हा अंगठा खालून सरकवण्याचा डाव पियानोवालेही करतात. काळ्या पट्टीवर अंगठा शक्यतो ठेवू नये, कारण तो आखूड आहे आणि काळी पट्टी मागे आहे. तो तेथे नेला की सगळा पंजा वाकडा होतो.

महाराजाने मला तीन नियम घालून दिले. तुमच्यापैकी जे काही नवे शिकू पाहत असतील त्यांच्यासाठी ते येथे देतो. पहिला: रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटे बसावे. हाताची शिकवणी झोपेतही चालू राहते. रात्री अडलेली जागा सकाळी आपोआप सुटल्याचा अनुभव मला कितीतरी वेळा आला. दुसरा: चूक न करता जितके सावकाश वाजवता येईल तितक्याच लयीत वाजवावे. जलद वाजवून केलेली चूक हातही पाठ करून ठेवतो, आणि मग ती विसरायला दुप्पट दिवस लागतात. तिसरा: वाजवताना तोंडाने स्वर म्हणावेत. गळ्यातून न गेलेला स्वर बोटात राहत नाही. चौथा नियम माझा मी घातला: लाज बाळगू नये. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला मी बसलो तेव्हा माझ्या शेजारी दहा वर्षांची एक मुलगी होती. तिने मला विचारले, "काका, तुमच्या मुलाचा नंबर कितवा?" मी सांगितले, "मुलाचा नाही, माझाच. तुझ्यानंतरचा." तिने तिचे वाजवणे झटक्यात आटोपले. मी घामाघूम होऊन आटोपले.

या शिकण्यात एक दिवस फार आनंदाचा उगवला. महाराज म्हणाला, "सर, आज पांढऱ्या पट्टीला हातच लावायचा नाही." काळी तीनला षड्ज मानून त्याने पाचही काळ्या पट्ट्या ओळीने वाजवायला सांगितल्या. वाजवल्या, आणि भूप उभा राहिला! मग त्याच पाच पट्ट्या, पण षड्ज काळी चार: मेघ. षड्ज काळी पाच: मालकंस. षड्ज काळी एक: दुर्गा. षड्ज काळी दोन: धानी. पट्ट्या त्याच पाच. केवळ आधाराची जागा बदलली की पाच रागांचे स्वर समोर आले. राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत. त्याची चाल, त्याची विश्रांतीची ठिकाणे निराळी असतात, हे मला कळते. तरीही त्या दिवशी मी वेड्यासारखा पाच वेळा षड्ज बदलून तेच ते वाजवीत बसलो. आपले शास्त्र याला मूर्च्छना म्हणते, आणि भरताच्या नाट्यशास्त्रात तिचा विचार आला आहे. आपल्या गावाचे नाव आडनावात घेऊन वावरलेले नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) नाट्यशास्त्राचे मोठे अभ्यासक. त्यांचे लेखन वाचताना मूर्च्छना हा शब्द मी विद्यार्थिदशेत वाचला असेन; समजला मात्र पाच काळ्या पट्ट्यांवर, पंचवीस वर्षांनी. पुस्तकातली व्याख्या आणि हातातली व्याख्या यांत एवढे अंतर असते.

आता पेटीवरच्या आक्षेपांकडे वळू. ज्या वाद्यावर आपण प्रेम करतो त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. हिंदुस्थानी संगीतात पेटी फार काळ वादाचा विषय होती. रवींद्रनाथ ठाकूर तिच्या विरुद्ध होते. १९४० साली आकाशवाणीने पेटीला बंदीच केली. ती अंशतः उठायला १९७१ साल उजाडले. तीस वर्षे घराघरांत, देवळांत, नाटकांत आणि तमाशात वाजणारे वाद्य सरकारी रेडिओवर मात्र ऐकू येत नव्हते. आक्षेप दोन होते. एक म्हणजे पेटीवर मींड येत नाही. एका स्वरातून दुसऱ्यात गळा घसरत जातो तसे पट्टीला घसरता येत नाही. ती पायरी आहे, उतार नव्हे. दुसरा आक्षेप बारकाईचा. पेटीच्या बारा पट्ट्या सारख्या अंतराने लावलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक पुढचा स्वर मागच्याच्या सुमारे १.०५९ पट. त्यामुळे कोणत्याही पट्टीला षड्ज मानता येते. पण त्या सोयीची किंमत मोजावी लागते. समजा, षड्जाची कंपने सेकंदाला २४० आहेत. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३००. पेटीचा गंधार मात्र ३०२.४. पंचम तंबोऱ्याशी जवळजवळ जुळतो, ३६० ऐवजी ३५९.६, पण धैवत ४०० ऐवजी ४०३.६. कानाला हा फरक कळतो. तंबोरा लावून पेटीचा गंधार धरून ठेवलात तर सूर हलके हलके थरथरल्यासारखा वाटेल. ती थरथर म्हणजेच हा फरक.

यावर उपाय शोधणारी माणसेही आपल्याकडे झाली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी निवृत्तीनंतरचे आयुष्य श्रुतींच्या मोजमापात घातले, आणि ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्याने बावीस श्रुतींची पेटी करवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनीही बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. पण वादाचे खरे उत्तर मला वाटते वादकांनी दिले. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५), ज्यांनी १९११ च्या 'संगीत मानापमान'ला चाली दिल्या. गोव्याच्या मातीतले तुळशीदास बोरकर. आणि आपल्या मराठवाड्याच्या जालन्याचे आप्पा जळगावकर (१९२२–२००९), ज्यांची साथ मोठमोठ्या गायकांना हवीशी वाटे. पट्ट्या सर्वांसमोर त्याच बारा होत्या. मींड पेटीत नसते. पण भाता किंचित सैल करून, मधला स्वर बोटाने नुसता चाटून जाऊन, तिचा भास या मंडळींनी निर्माण केला. ज्याला आपल्या वाद्याचे दोष ठाऊक असतात तोच ते झाकू शकतो.

आता शेवटचे. २०२४ च्या कार्तिकात काकड्याला मंडळासोबत वाजवण्याचे ठरले. दोन वर्षांची तयारी होती. दादांची पेटी, दादांची मोकळी जागा, आणि पहाटेची वेळ. मी सारी भजने काळी एकमध्ये पक्की केली होती, दादांच्या झिजलेल्या पट्ट्यांवरून. पण आमचे मुख्य गाणारे काका आता सत्तरीपुढचे. त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली ती पांढरी सहामध्ये! वयाबरोबर त्यांचा गळा चार पट्ट्या खाली आला होता, आणि याची ना त्यांना दखल होती ना मला. माझी बोटे काळी एकवर, त्यांचा षड्ज भलतीकडे. दोन ओळी जो काही गोंधळ झाला त्याचे वर्णन न केलेले बरे. मृदंगवाल्याने माझ्याकडे पाहिले, टाळवाल्यांनी खाली पाहिले.

तेव्हा महाराजाचे एक वाक्य आठवले. "सर, सगळं विसरलं तरी गाणाऱ्याला सा द्या, सा दिला की निम्मी साथ झाली." मी पट्ट्यांवरून बोटे काढली, एक आवर्तन ऐकले, षड्ज सापडला. पांढरी सहा आणि तिचा पंचम पांढरी तीन, एवढ्या दोनच पट्ट्या दाबून धरल्या आणि भाता शांत ठेवला. बाकी काही वाजवले नाही. काकांचा गळा त्या दोन स्वरांवर टेकला आणि स्थिर झाला. तीन भजने मी अशीच काढली. चौथ्या भजनाला धिटाई करून ओळीच्या शेवटचे दोनदोन स्वर धरू लागलो. पहाट झाली तेव्हा काकांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "आज गळा बरा लागला बघा." माझ्या पेटीविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. साथीदाराला याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही, हे मला महाराजाने नंतर समजावून सांगितले.

घरी आल्यावर आणखी एक गोष्ट उमगली. मी दादांच्या झिजलेल्या पट्ट्यांवर बोटे ठेवून दादांसारखे वाजवू पाहत होतो. आणि काकांचा गळा मात्र काळाबरोबर पुढे गेलेला होता. दादा असते तर त्यांनीही निमूटपणे षड्ज बदलला असता. पत्र्यावरच्या खुणा दादांनी कोठे वाजवले ते सांगतात. कोठे वाजवावे ते सांगत नाहीत. ते समोर बसलेल्या गळ्याकडून शिकावे लागते. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट पेटीने शिकवावी, हा एक गमतीचा भाग.

आता मी पांढरी सहाचे सप्तक घोटतो आहे. आज चारचौघांत वाजवण्याइतकी पेटी मला येते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण मंडळात पेटीची जागा आता मोकळी नसते. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरातही कोपऱ्यात कापडात गुंडाळलेले काहीतरी असेल: पेटी असेल, आजीच्या ओव्या असतील, एखादी अर्धवट राहिलेली भाषा असेल. दहाव्या वर्षी उठून गेलात म्हणून पुन्हा बसता येत नाही, असे नाही. बोटे थोडी कुरकुरतील, एवढेच. आणि समजा तुम्हाला शिकवणारा तुमच्याहून लहान निघाला, तर मागचे-पुढचे विसरायची त्याची अट मान्य करून टाका. माझ्या गुरूने आता बाहेरून इतिहासाचा पेपर पुन्हा द्यायचे ठरवले आहे. शिकवणीला तो माझ्याकडे येतो. पेटीच्या घोंगडीवरून उठलो की लगेच, वीस मिनिटे, रोज.